आम्ही चौघी आणि आजोबांचं लग्न

मी बोलतेय. इकडेतिकडे शोधू नका, खाली बघा. तुमची नजर कधीच जिथे जात नाही, तिथून. मी एक हिवाळी टायर. टायर म्हटलं की लोक 'तो' म्हणतात, म्हणू देत. आम्ही चौघी बहिणी आहोत आणि आमच्याबद्दल निर्णय घेताना आम्हाला कोणी विचारत नाही, एवढ्यावरून ओळखा.

माझ्या अंगात कुठल्याशा उष्ण देशातल्या झाडाचा चीक आहे. तो काजळीत मळला, साच्यात घातला, तापवला, आणि मी जन्मले. बाहेर आले तेव्हा माझ्या अंगावर बारीक बारीक चिरा होत्या आणि दंडावर गोंदलेला डोंगर, डोंगरात बर्फाचं फूल. ही आमची खूण. हिच्याशिवाय कोणी स्वतःला हिवाळी म्हणवून घेत असेल, तर तो थापा मारतोय.

माझा गुण एकच. कडाक्याच्या थंडीत मी मऊ राहते. साधे टायर थंडीत दगड होतात आणि बर्फावरून दगड जसा घसरतो तसे घसरतात. मी मऊ राहते, वाकते, चिरांमध्ये बर्फ पकडते. मऊ राहून धरून ठेवणं हे काम सोपं नाही, पण ते दिसत नाही. दिसतं ते फक्त घसरणं.

आम्हा चौघींना ला बे गावातल्या दुकानातून मोदने विकत घेतलं. मोद तेव्हा शिकुतिमी शहरातल्या विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होती. उन्हाळाभर तिने डोंगरावर वाकून वाकून ब्लूबेरी तोडल्या होत्या. बोटांची निळाई अजून गेली नव्हती. त्याच निळ्या बोटांनी तिने माझ्या गळ्यात लाल रिबन बांधली. आम्ही भेट होतो. लग्नाची भेट.

नवरदेव होते तिचे आजोबा, ओविला. वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि आता डोंगरापलीकडच्या लांस गावातल्या फर्नांदवर मन जडलं होतं. फर्नांदही विधवा, खाडीकाठी घर, वाजवायला व्हायोलिन, बोलायला जीभ. दर रविवारी ओविला घाट ओलांडून तिच्याकडे जेवायला जायचा. त्याच्या पांढऱ्या गाडीला बाराही महिने तेच चार जुने टायर असायचे, आणि रविवार आला की तो परत येईपर्यंत मोद खिडकी सोडत नसे.

"हे काय?" आमच्याकडे बघून ओविला म्हणाला.

"तुमचं लग्नाचं प्रेझेंट."

"लोक चांदीचे चमचे देतात."

"चमच्यांनी घाट उतरता येत नाही, आजोबा."

त्याच दिवसांत राजधानीत कायदा मंजूर होत होता: पुढच्या हिवाळ्यापासून सगळ्या गाड्यांना हिवाळी टायर लावणं सक्तीचं. गावात दुसरा विषयच नव्हता. बेकरीत तेच, चर्चच्या पायऱ्यांवर तेच, आणि ओविलाच्या जिवलग मित्राच्या, कोनरादच्या गॅरेजमध्ये तर सकाळपासून तेच. मी तिथे भिंतीला टेकून सगळं ऐकलं.

"उद्या सरकार सांगेल, मोजे कुठले घालायचे," ओविला म्हणाला. "चाळीस हिवाळे गाडी चालवली मी. टायर इथे असतो." आणि त्याने कपाळावर बोट ठोकलं.

"मग कपाळावर चालवा ना गाडी," मोद म्हणाली.

कोनराद हसला आणि ओविलाने बघितलं तसा खोकला.

"आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी काय करायचं?" ओविला म्हणाला. "दोन पोरं घेऊन एकटी राहणारी बाई टायर घेईल की दूध?"

मोदने कमरेवरचे हात खाली घेतले. तो खरा प्रश्न होता, हे तिला कळत होतं. "मग तिला मदत करायचा कायदाही करा म्हणा," ती म्हणाली. "पण तुम्ही ती बाई नाही. तुम्ही हट्टी आहात. आणि तुमची गाडी घसरून त्या बाईच्या गाडीवर गेली, तर ते तुमचं स्वातंत्र्य की तिचं नशीब?"

"पोरीला विद्यापीठात पाठवलं की असं होतं," ओविला कोनरादला म्हणाला. पण त्याच्या मिशीखाली अभिमान होता. तो मला दिसला. मोदला दिसला नाही, ती तेव्हा फार चिडली होती.

तर ओविलाने भेट स्वीकारली. "पण लावून घेईन मी. कोनरादकडूनच," म्हणाला. मोद निश्चिंत होऊन परीक्षेला गेली. आणि इथेच या मंडळींनी ती चूक केली, जी आमच्या भागातले वडीलधारे अगदी प्रेमाने, अगदी खात्रीने करतात.

मोदकडे एक लाल गाडी होती. ओविलाच्या पांढऱ्या गाडीची अगदी जुळी. ओविला आणि त्याचा भाऊ अदेलार दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, घासाघीस करून घेतलेली जोडी. अदेलार गेल्यावर त्याची लाल गाडी मोदला मिळाली. तिलाही तेच बारमाही टायर. मोदने आजोबांसाठी आम्हाला घेतलं, पण स्वतःसाठी घ्यायला काही उरलं नव्हतं. "मी बसने जाते," असं सगळ्यांना सांगायची. सगळे विश्वास ठेवायचे, ओविला सोडून.

"मी चार घालून फिरू आणि पोरगी तशीच?" तो कोनरादला म्हणाला. "तिला दोन, मला दोन. ओढ पुढच्या चाकांत असते. पुढे लावले की झालं."

"झालं," कोनराद म्हणाला. हा कोनराद! आयुष्य गॅरेजमध्ये गेलेलं, हात कोपरापर्यंत काळे, आणि तरी 'झालं'! कारण त्याच्या वडिलांनीही पुढेच दोन लावले होते.

असं आमचं घर फुटलं. मी आणि माझ्या पाठची पांढऱ्या गाडीला पुढे. थोरली आणि धाकटी लाल गाडीला पुढे.

मोद परीक्षेहून, या वेळी खरोखर बसने, परत आली, दोन्ही गाड्यांभोवती एक फेरी मारली, आणि असा आवाज केला की बर्फ झटकत एक कावळा उडाला.

"अहो, हे काय केलंत! पुढचे धरणार आणि मागचे सरकणार! मागचा भाग पुढे येऊन बघेल की आजोबा कुठे चाललेत!"

"माझे पुढचे काढ आणि तुझ्या मागे लाव मग."

"नाही! तुम्हीच चारही घ्या. मी बसने जाते."

"बस, बस. मागच्या आठवड्यात शिकुतिमीत बसथांब्यावर नव्हतीस तू. पार्किंगमध्ये होतीस. फर्नांदच्या भाचीने बघितलं."

मोदचे कान लाल झाले. दोघं एकमेकांना चार देत होती आणि दोघंही घेत नव्हती. शेवटी ओविला म्हणाला, "लग्न होऊ दे. मग बघू. हा माझा शेवटचा स्वतंत्र हिवाळा आहे."

अनुभवी माणसांचं हे एक मी पाहिलंय. चूक मान्य करायची वेळ आली की त्यांच्याकडे नेहमी एखादं लग्न निघतं.

माझ्या मागे पांढऱ्या गाडीला ते दोन जुने बारमाही होते. त्यांचा दिमाख विचारू नका. झिजून टक्कल पडलेलं, पण बोलणं कसं! "पोरी, हा घाट आम्हाला पाठ आहे. तू आत्ता आलीस." मी म्हणायचे, "काका, घाट पाठ असेल, पण पकडता येतो का?" त्यावर ते थंडीने इतके कडक झालेले असायचे की उत्तरही द्यायला वाकत नसत.

लग्न ठरलं होतं उपवासकाळ सुरू व्हायच्या आदल्या शनिवारी, लांसच्या चर्चमध्ये. फादरकडे चार गावं. लग्न लावून त्यांना लगेच दुसऱ्या गावात अंत्यविधीला जायचं होतं. त्यांनी आधीच बजावलं होतं: "ओविला, उशीर झाला तर मी निघेन. मग उपवासकाळ, त्यात लग्न लागत नाही. मग ईस्टरनंतर."

"ईस्टर!" ओविला मोदला म्हणाला होता. "माझ्या वयाला ईस्टर म्हणजे काय तुला कळतं? फर्नांदलाही वाट बघायची सवय नाही. एकदा मला उशीर झाला तर तिने फक्त बटाटे उकडेपर्यंत थांबून मला उपाशी परत पाठवलंय."

चेष्टेत म्हणाला, पण गाडीला लग्नाची रिबन बांधताना त्याने एकच गाठ तीनदा सोडून पुन्हा बांधली. स्वतःच्या घरात त्याने एकट्याने किती हिवाळे काढले होते, ते त्या हातांना माहीत होतं.

शनिवारी सकाळपासून वारा सुटला. आमच्याकडे वाऱ्याने बर्फाची पूड उडते, रस्ता दिसतो, मग दिसत नाही, मग पुन्हा दिसतो. पांढरी गाडी पुढे. ओविला काळ्या सुटात, खिशात अंगठ्या. ती गाडी आता लांसलाच राहणार होती, नवऱ्यासकट. मागून लाल गाडीत मोद, आणि तिच्या शेजारच्या सीटवर पट्टा बांधून बसवलेलं तुर्तिएरचं भलंमोठं भांडं. मांसाचे आणि बटाट्याचे तुकडे पिठाच्या जाड पारीखाली भट्टीत मंद शिजवलेले. त्याचा वास थेट माझ्यापर्यंत येत होता, असं म्हणायला मला आवडेल.

चढ आम्ही झकास चढलो. ओविला शीळ घालत होता. "बघ," तो कोणाला तरी म्हणाला, बहुतेक सरकारला. "दोन पुरतात."

चढ संपला. उतार सुरू झाला. पहिल्या वळणावर त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला.

मी रस्ता धरला. माझ्या पाठचीने धरला. आम्ही दोघींनी असा धरला की काय सांगू! आणि मागचे दोघे काका, घाट पाठ असलेले, शांतपणे बाजूला सरकले. गाडीची शेपूट आमच्या उजवीकडून पुढे यायला निघाली. "काका, धरा!" मी ओरडले. "कशाला धरू?" ते म्हणाले आणि त्यात खरंच प्रश्न होता. मग सगळं गोल फिरलं, झाडं, खाडी, आभाळ, पुन्हा झाडं, आणि भप्प आवाज करून आम्ही रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात मागच्या बाजूने जाऊन बसलो. तोंड आल्या वाटेकडे.

लाल गाडी हळूहळू, किंचित डुलत, थांबली. मोद पळत आली.

"आजोबा! हात हलवा! पाय हलवा!"

काच खाली झाली. ओविला डोक्यावर हॅट नीट बसवून सरळ बसलेला. "सगळं हलतंय," तो म्हणाला. "गाडी सोडून."

मोद हसली, मग रडली, मग लगेच भांडायला लागली. हा तिचा क्रम ठरलेला आहे.

"कोनरादला फोन लाव. ट्रक घेऊन येईल."

"कोनराद तुमचा साक्षीदार म्हणून चर्चमध्ये बसलाय. आणि या डोंगरात फोन लागत नाही."

"मग तुझ्या गाडीत बसतो. चल."

मोदने त्याचा हात धरला, दोन पावलं चालली आणि थांबली. तिने खालच्या उताराकडे पाहिलं. एकामागून एक वळणं, आणि तळाशी पत्र्याच्या छपराचं चर्च, एवढंसं. मग तिने स्वतःच्या गाडीच्या मागच्या चाकांकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "माझीही मागची तुमच्यासारखीच आहेत. मी तुम्हाला यातून नेणार नाही."

"मोद, फादर निघून जातील."

"जाऊ देत. मला तुमचं लग्न लावायचंय. त्या दुसऱ्या गावासारखा अंत्यविधी नकोय."

ओविलाने हॅट काढून हातात धरली. वाऱ्याने त्याच्या मिशीवर पूड बसवली होती. पहिल्यांदाच तो मला म्हातारा वाटला, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. बोल ना रे बाबा काहीतरी, मी मनात म्हटलं, सरकारला शिव्या तरी दे!

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग लाल गाडीकडे. जुळ्या गाड्या. एकाच दिवशी घेतलेल्या.

"जॅक काढ," तो म्हणाला.

"सूट घातलाय तुम्ही."

"सुटाला गुडघे असतात."

आणि नवरदेव बर्फात गुडघे टेकून बसला. काय हात चालले त्याचे! मोद नट सैल करायला पान्यावर उभी राहून उड्या मारत होती, तो चाकं उतरवत होता.

"उलटं फिरवतेयस, विद्यापीठ!"

"तुम्हीच उलटे उभे आहात!"

आम्ही दोघी पांढऱ्या गाडीवरून निघालो. लाल गाडीचे मागचे दोन बारमाही उतरले आणि आमच्या जागी पांढऱ्या गाडीला बसले. चार काका एका गाडीत, ढिगात, गप्पा मारायला मोकळे. आणि मी लाल गाडीला मागे लागले, डावीकडे.

पुढून थोरलीने विचारलं, "आलीस?" धाकटी तर नुसती ओरडत होती. मी म्हटलं, "आले. मागे."

खरं सांगते, मागची जागा मला कमीपणाची वाटायची. पुढचे ओढतात, वळवतात, नाव त्यांचं होतं. पण उतार सुरू झाला, वळण आलं, आणि मला कळलं की पुढच्यांनी काय करायचं ते मागच्यांवर अवलंबून असतं. मी धरून होते म्हणून थोरली वळू शकत होती. आम्ही चौघी घाट उतरलो, जणू एकाच अंगाची चार पावलं.

ओविला मांडीवर तुर्तिएर घेऊन बसला होता. तिसऱ्या वळणावर म्हणाला, "मागून काहीच हलत नाहीये."

"त्यालाच टायर म्हणतात, आजोबा."

"भांडं गरम आहे अजून," तो म्हणाला. माफी मागायची त्याची ही पद्धत.

चर्चच्या पायऱ्यांवर फर्नांद उभी होती. पांढरा झगा, त्यावर तिच्या पहिल्या नवऱ्याचा भला थोरला कोट, पायात बर्फाचे बूट, हात कमरेवर. फादर तिच्यामागे कोट घालून, हातात गाडीची किल्ली घेऊन. फर्नांदने दारात आडवी उभी राहून त्यांना थांबवून ठेवलं होतं, असं नंतर कळलं.

तिने ओविलाला वरून खाली पाहिलं. ओले गुडघे, शर्टावर ग्रीस, मिशीत बर्फ. मग लाल गाडीकडे पाहिलं. मग घाटाकडे. बाई हुशार. काही विचारलं नाही.

पुढचं मी पाहिलं नाही. टायरला चर्चमध्ये कोण नेतं! पण परतीच्या वाटेवर मोद कोनरादला सांगत होती, आणि कोनराद तिथे हजर असूनही पुन्हा ऐकत होता, इतकं ते छान होतं. फादरनी घाईघाईत विचारलं, "फर्नांद, या ओविलाचा तू पती म्हणून स्वीकार करतेस?" फर्नांद म्हणाली, "एक मिनिट, फादर." ओविलाचा चेहरा पडला.

"ओविला," ती म्हणाली, "इथून पुढे गाडीला किती?"

ओविलाने वर पाहिलं, खाली पाहिलं, कोनरादकडे पाहिलं. कोनराद छत बघत होता.

"चार," तो म्हणाला.

"ऐकू आलं नाही."

"चारही!"

"मग करते," फर्नांद म्हणाली, आणि फादरसकट सगळं चर्च हसलं.

मेजवानी रंगली. फर्नांदने स्वतःच्या लग्नात स्वतः व्हायोलिन वाजवलं, कोनरादने मांडीवर चमचे वाजवले, म्हाताऱ्यांनी जमीन हादरेपर्यंत पाय आपटले. दारातून गरम हवेचा झोत यायचा आणि त्यासोबत ओविलाचं भाषण: "सरकारने सांगितलं म्हणून नाही, हे लिहून घ्या! फर्नांदने सांगितलं म्हणून!"

"फरक काय?" मोद ओरडली.

"सरकारला मी घाबरत नाही!"

तेव्हा सगळे हसले. मीही हसले असते. पण त्या दिवसापासून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. कायदा असावा की नसावा, यावर अजूनही बेकरीत वाद होतात. माझं म्हणणं सोपं आहे. प्रत्येक ओविलाच्या दारात फर्नांद उभी नसते. ज्यांच्याकडे फर्नांद नाही, त्यांच्यासाठी कायदा लागतो. आणि ज्या मोदकडे आजोबांना चार देऊन स्वतःसाठी एकही उरत नाही, तिच्यासाठी मदत लागते. हे दुसरं वाक्य राजधानीतल्या ज्येष्ठांनी जरा जोरात ऐकावं, त्यांना कमी ऐकू येतं.

पुढच्या हिवाळ्यात ओविलाने मोदला चार नवीन टायर दिले, तिच्या पदवीची भेट म्हणून. रिबन लावून. "चांदीचे चमचे मिळाले नाहीत," म्हणाला. आम्ही चौघी मात्र पांढऱ्या गाडीला लागलो, जिच्यासाठी आम्हाला घेतलं होतं, आणि बरेच हिवाळे तो घाट चढलो उतरलो. मग चिरा उथळ झाल्या. एक दिवस कोनरादने आमच्यावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. या वेळी 'झालं' म्हणाला तेव्हा त्याचं बरोबर होतं.

आता थोरली फर्नांदच्या अंगणात आहे, पोटात लाल फुलं. माझ्या पाठची आणि धाकटी खाडीवर धक्क्याला बांधलेल्या, होड्यांचे धक्के खातात आणि मासळीच्या बातम्या देतात. मी मेपलच्या फांदीला दोराने टांगलेली आहे. झोका म्हणे नातवंडांसाठी बांधला. पण नातवंडं नसताना माझ्यात कोण बसतं, ते मी फर्नांदला सांगितलेलं नाही. त्याचं वजन मला ओळखीचं आहे. जन्मभर वाहिलंय मी ते.

तुम्ही घाटात निघाला असाल तर एक विनंती. आमची ताटातूट करू नका. प्रेमाने तर मुळीच नको. दोन दोन वाटून कोणाचंच भलं होत नाही. आणि घरातली कोणी चिडकी पोरगी गाडीभोवती फेरी मारून ओरडायला लागली, तर तिला 'लग्न होऊ दे' म्हणू नका. पाना द्या तिच्या हातात.

दरवर्षी शरदात, झाडं लाल होऊन गळायला लागली की, कायद्याची तारीख यायच्या कितीतरी आधी, ओविला कोनरादकडून हिवाळी टायर लावून येतो. परत आला की सरळ माझ्याकडे येतो, मिशीतल्या मिशीत सरकारला शिव्या घालत. माझ्यावर साचलेली पानं झटकतो, दंडावरच्या झिजलेल्या डोंगरावर हात ठेवतो आणि हळूच म्हणतो, "चारही."

कोणी विचारलेलं नसतं. मी जराशी हलते. वारा आहे, असं फर्नांद स्वयंपाकघरातून म्हणते.

म्हणू दे.